फेब्रुवारीत दुखणारा गुडघा

मौलाना, तुमच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही बरं बोलले, तर गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणून बोलतेय, असं तुम्हाला वाटायला नको. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. मोहल्ल्यातला जो तो येऊन मला सांगतो की मौलाना फरिश्ते होते. मी मान हलवते आणि मनात म्हणते, फरिश्ता चहात चार चमचे साखर घालून डॉक्टरांना 'मीठा तो छोड दिया साहब' असं सांगत नाही. तुम्ही खोटं बोलायचात, आणि ते तुम्हाला छान जमायचं.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक होताच. निफाडला आमचे अब्बा द्राक्षांचे व्यापारी. त्यांनी लहानपणीच शिकवलं होतं, पेटीतला वरचा थर बघून भाव करू नये, खाली हात घालून बघावं. मी माणसांच्या बाबतीतही तेच करत आले. तीस वर्षं उर्दू शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा प्रत्येक मुलीच्या पोटदुखीच्या मागे काय आहे ते शोधून काढलं. निवृत्त झाल्यावर पिठाच्या गिरणीच्या वरची खोली भाड्याने घेऊन मोहल्ल्यातल्या मुलींचा क्लास सुरू केला, आठवी ते बारावी, दुपारी चार ते सहा. खोलीची खिडकी बरोबर तुमच्या मशिदीसमोर. ती खिडकी मी उजेडासाठी उघडी ठेवते, असं मुलींना सांगायचे. खरं म्हणजे तुमच्यावर लक्ष ठेवायला.

तुम्हीही काही कमी नव्हतात. खालून जाताना मान वर करून म्हणायचात, "मॅडम, आपको तो सूरज पे भी शक होगा, कि आज फिर क्यों निकला!" आणि हसत पुढे जायचात. मला वाटायचं, हा माणूस एवढा हसतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

आपलं पहिलं भांडण भाषेवरून झालं. तुमचं म्हणणं, मुलींचं उर्दू पक्कं करा, ती आपली जबान आहे. मी म्हटलं, माझी जबान मराठी आहे, माझ्या आजीने मला मराठीतच शिव्या दिल्यात. बँकेचा फॉर्म, दवाखान्याचा कागद, तलाठ्याचं उत्तर, सगळं मराठीत येतं. मुलगी ते वाचू शकली नाही तर जन्मभर नवऱ्याला विचारत बसेल. तुम्ही गंभीर चेहरा करून ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आपकी मराठी सुनके तो कब्र में फरिश्ते भी घबरा जाएंगे. बोलेंगे, ये बाई सातबारा मांगने आई है क्या?" मला हसू आलं होतं. दाबलं. तुमच्या विनोदाला हसले तर पुढच्या वेळी तुमचं ऐकावं लागेल, ही भीती.

तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. गंमत अशी, की मोहल्ल्यात माझ्या उर्दूला सगळे हसायचे आणि मोहल्ल्याबाहेर माझ्या मराठीचं कौतुक व्हायचं. इथल्या नाशकातल्या द्वारका चौकातल्या बँकेतल्या बाई मला वीस वर्षं ओळखतात, आणि वीस वर्षं म्हणतात, "मॅडम, तुम्ही मराठी किती छान बोलता!" जणू मी कालच विमानातून उतरले. मी एकदा त्यांना म्हटलं, "तुम्हीपण छान बोलता." त्यांना कळलं नाही. हे तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणालात की तुम्हालाही दर ऑगस्टमध्ये एक साधे कपडे घातलेला हवालदार येऊन विचारतो, आपके यहां बाहर से कौन आता है. तुम्ही त्याला चहा पाजता आणि सांगता, बाहर से तो बस आप आते हो.

त्या दिवशी आपण दोघं एकाच बाजूला होतो. पण मला तेही फार वेळ पटलं नाही. घरी जाताना वाटलं, यांनी मला हे का सांगितलं असेल?

आता बारा वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टकडे यायला हवं. आपल्याच गल्लीतला अदनान आणि त्याच्या बरोबरीची पाच-सहा पोरं तेव्हा रोज संध्याकाळी मशिदीच्या ओट्यावर मोबाईलवर भाषणं ऐकत बसायची. कुठल्या तरी लांबच्या देशातला माणूस ओरडून बोलायचा आणि ही पोरं माना डोलवायची. ज्यांना दहावीला मराठीत पस्तीस पडले नाहीत, ती पोरं आता आम्हाला धर्म शिकवणार होती. त्यांनी बाहेरून एक तरुण वक्ता आणला. सगळे त्याला हजरत म्हणायचे. हजरतचं म्हणणं होतं, मुलीने कुराण वाचावं, घरी पत्र लिहावं, तेवढं शिक्षण पुष्कळ. आणि देश, झेंडा, ही सगळी दुनियादारी आहे, ईमानवाल्याने त्यात पडू नये. माझ्या क्लासच्या दारावर एका सकाळी कागद चिकटवलेला सापडला: लड़कियों को बेपर्दा करने की दुकान. मी जिना चढून आले तेव्हा तुम्ही दारापाशी उभे होतात, हाताला खळ लागलेली. मला वाटलं, तुम्हीच चिकटवलात. तुम्ही तो ओला करून नखाने खरवडत होतात, हे माझ्या नंतर लक्षात आलं, कारण अर्धा कागद आधीच निघालेला होता. तरी मी तुम्हाला 'शुक्रिया' म्हटलं नाही. म्हटलं, "बाकीचा मी काढते."

त्या पंधरा ऑगस्टला तुम्ही माझ्याकडे आलात. मदरशाच्या अंगणात तुम्ही दर वर्षी झेंडा लावायचात, पण या वर्षी तुम्हाला माझ्या क्लासमधली एक मुलगी हवी होती. झेंड्याची दोरी ती ओढेल आणि मराठीतून चार वाक्यं बोलेल. मी लगेच विचारलं, "कोणाला दाखवायला? हवालदाराला?"

तुम्ही म्हणालात, "हवालदार तो चाय पीके चला जाता है, मॅडम. झंडा शाम तक रहता है. वो किसके लिए रहता है, आप सोचो."

मी बारावीतली शबनम दिली. तिची आणि तिच्या घरच्यांची खरी नावं इथे लिहीत नाही, कागद कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहेच. द्वारकेजवळ ट्रकांचं गॅरेज चालवणाऱ्या रशीदभाईंची थोरली. निबंध असा लिहायची की मला खाडाखोड करायला जागा नसायची. त्या दिवशी दोरीची गाठ अडकली आणि शबनम ओढतेय ओढतेय, झेंडा काही सुटेना. मुलं फिदीफिदी हसायला लागली. तुम्ही पुढे होऊन गाठ सोडवून देऊ शकला असता. तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात आणि म्हणालात, "आराम से बेटी, किसी को जल्दी नहीं है." दोन मिनिटांनी सुटला. तिने न बघता भाषण केलं. अदनान आणि त्याची पोरं मधूनच उठून गेली. मी मागच्या रांगेत बसून रडत होते, हे तुम्ही पाहिलंत का, मला माहीत नाही.

त्या भाषणाचा कुणीतरी काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या मोबाईलमोबाईलवर फिरला, खाली नाही नाही ते लिहून. रशीदभाई घाबरले. ते वाईट माणूस नव्हते, पण लोक काय म्हणतील या एका वाक्यावर त्यांचं घर चालायचं. जानेवारीपर्यंत त्यांनी शबनमचं लग्न मनमाडला ठरवलं, रेल्वेतल्या एका मुलाशी. निकाह फेब्रुवारीत. बारावीचा पहिला पेपरही फेब्रुवारीत.

आणि मग तुमचा गुडघा दुखायला लागला.

आपल्या मोहल्ल्याची रीत जुनी. निकाह मशिदीच्या इमामानेच पढायचा. बाहेरचा कोणी आणायचा तर इमामाची परवानगी लागते. रशीदभाई तारीख घेऊन तुमच्याकडे आले, तर तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून म्हणालात, "रशीदभाई, घुटना बैठने नहीं देता. अप्रैल में देखेंगे." अजून दोन मुलींच्या बापांनाही हेच उत्तर मिळालं. त्या दोघीही माझ्याच क्लासच्या. तेलवाल्याच्या बहिणीचा निकाह मात्र तुम्ही त्याच आठवड्यात मांडी घालून पढलात. ती तिशीची, शाळा कधीच सुटलेली. आणि माझ्या खिडकीतून मी तुम्हाला नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूच्या हौदापाशी उकिडवं बसून नळाचा वायसर बदलताना पाहिलं. चांगले अर्धा तास बसला होतात.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यात रशीदभाई जिना चढून क्लासला आले. "मॅडम, तुमच्याकडे पोरगी शिकती म्हणून मौलाना निकाह पढत नाय. आता मनमाडवाले पण कुरकुर करायलेत. लय बदनामी होईल." मी विचारलं, पेपरचं काय? ते म्हणाले, "पेपर तिकडून येऊन देईल ना. शब्द दिलाय त्यांनी."

झालं. सगळं जुळलं. ज्या मुली शिकतात त्यांचेच निकाह अडवायचे, म्हणजे पुढच्या वर्षी बाप आपणहून मुलींना क्लासला पाठवणार नाहीत. अदनानने कागद चिकटवून जे साधलं नाही ते तुम्ही गुडघा चोळून साधणार. आता वाटतं, बोर्डाचं वेळापत्रक तोंडपाठ असलेली बाई मी, मला दुसरा काही हिशेब कसा दिसला नाही? पण मला हवं ते उत्तर सापडलं होतं. त्यानंतर मी आणखी शोधलं नाही.

तिसऱ्या प्रहरची, अस्रची नमाज संपल्यावर मी मशिदीच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. बायका तिथे थांबत नाहीत. माणसं बाहेर पडत होती, चपला शोधत होती. तुम्ही आलात आणि मी सगळ्यांसमोर, खड्या आवाजात, वर्गात विचारते तसं विचारलं, "मौलाना, दिवसातून पाच वेळा सजद्यात जाणारा तुमचा गुडघा माझ्या मुलींच्या निकाहालाच कसा दुखतो?"

एकही माणूस हसला नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. एवढी जुनी जाणती माणसं, रोज तुमच्या मागे उभं राहून नमाज पढणारी, त्यांना काय तुमचा गुडघा दिसत नव्हता? दिसत होता. सगळ्यांना सगळं कळत होतं आणि सगळ्यांनी कळत नसल्यासारखं केलं होतं. एका म्हाताऱ्या चाचांनी तर माझ्याकडे बघून हळूच मानेने 'नाही' म्हटलं. मला वाटलं, तेही तुम्हाला सामील.

तुम्ही म्हणालात, "मॅडम, आप समझीं नहीं."

"मग समजवा."

तुमचं तोंड उघडलं होतं. मग तुम्ही माझ्यामागे बघितलंत. माझ्यामागे अदनान उभा होता. तुम्ही वाकून चप्पल शोधायला लागलात.

अदनान पुढे आला. "मॅडम सही बोल रहे. मौलाना को तकलीफ है, तो हजरत पढ़ देंगे. परवानगी दे दो, मौलाना."

मौलाना, मी दूधवाल्यावर संशय घेते, मीटर रीडिंगवर घेते, सख्ख्या बहिणीने पाठवलेल्या लोणच्यावर घेते. आणि माझ्या क्लासवर कागद चिकटवणारा पोरगा माझी बाजू घेऊन बोलला, तेव्हा मात्र मला कसलीच शंका आली नाही. उलट आनंद झाला. म्हटलं, बघा, याला सुद्धा पटलं.

तुम्ही खाली बघून म्हणालात, "ठीक है. परवानगी है." आणि चप्पल घालून गेलात. मी जिना चढून वर आले आणि त्या दिवशी फार छान शिकवलं.

पुढच्याच जुम्म्याला हजरतने शबनमचा निकाह पढला. पहिल्या पेपरच्या दिवशी मी सेंटरच्या गेटबाहेर उभी होते, दोन जादा पेनं घेऊन. त्या दुसऱ्या दोघी आल्या. त्यांच्या सासरच्यांनी तुमच्या गुडघ्यामुळे आधीच एप्रिलची तारीख मान्य केली होती. दोघींनी मला सलाम केला आणि आत गेल्या. मनमाडहून कोणी आलं नाही. अकरा वाजता शिपायाने गेट लावलं आणि मला तिथे, रस्त्यावर, तुमच्या गुडघ्याचं सगळं गणित समजलं. एका रिकाम्या हातगाडीला धरून उभी राहिले. वाटलं, आत्ता जावं आणि तुमचे पाय धरावेत.

गेले नाही. आठ दिवसांनी गल्लीत भेटलात तेव्हा मी एवढंच विचारलं, "गुडघा कसा आहे?" तुम्ही म्हणालात, "अब बिलकुल ठीक है, मॅडम. अब उसका कोई काम नहीं रहा." त्यात टोमणा होता की दुःख, हे मी बारा वर्षं ठरवू शकले नाही.

त्यानंतर तुम्ही तुमच्या नातीला माझ्या क्लासला घातलंत. मी महिनाभर तिच्यासमोर जपून बोलत होते, म्हटलं जासूस पाठवलाय. मग ती नववीत मराठीत पहिली आली आणि तुम्ही स्वतः पेढे घेऊन वर आलात. त्या पेढ्यातला एक मी तुमच्यादेखत खाल्ला, हीच काय ती माझी माफी. अदनान पुढे दुबईला गेला, हजरत दुसऱ्या गावी गेला, पण दर दोन वर्षांनी कुणीतरी नवा येत राहिला आणि दर वेळी कागद चिकटत राहिले. सकाळी मी जायच्या आत ते निघालेले असायचे. आता या आठवड्यात चिकटला तर मलाच काढावा लागेल.

एकदाच तुम्ही जवळजवळ बोललात. अफगाणिस्तानात मुलींच्या शाळा बंद केल्याची बातमी होती. बँकेतल्या बाईंनी मला विचारलं होतं, "तुमच्यात असंच असतं का हो?" मी तणतणत तुमच्याकडे आले. म्हटलं, यांना उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखलं. मी निफाडची, माझे खापरपणजोबा निफाडचे, मला काबूलचा जाब का? तुम्ही पेपर बराच वेळ वाचत राहिलात. मग घडी घालून म्हणालात, "मॅडम, इतना बड़ा मुल्क है. वहां एक भी मौलवी का घुटना नहीं दुखता क्या?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, मौलाना, माझं चुकलं. मी म्हटलं, "चहा गार झाला तुमचा."

आणि परवा शबनम आली. ती आता दोन गल्ल्या पलीकडे राहते. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली आणि नाशकात परत आली. मुलगी पाचवीत आहे. ती माझ्याशी मराठीतच बोलते, मीच सवय लावलेली. मला वाटलं तुमचा दुखवटा करायला आलीय. ती बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, मी त्यांना माफ केलं नाही."

जनाजा उचलायच्या आधी तुमच्या मुलाने माईकवरून सांगितलं होतं, अब्बा का कहा-सुना माफ कर देना. सगळी गल्ली 'माफ किया' म्हणाली. शबनमने तेवढ्यात घराची खिडकी लावून घेतली होती.

मग तिने मला जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. लग्न ठरल्यावर तिने तुमच्या बेगमसाहेबांकडे, खालांकडे, निरोप दिला होता, मला पेपर द्यायचाय, काहीतरी करा. तुमचं उत्तर आलं, उससे कहना मेरे घुटने पे भरोसा रखे. आणि ती एकटी नव्हती. त्याआधीही दर वर्षी कुणी ना कुणी मुलगी खालांच्या कानात सांगायची आणि तुमचा गुडघा दुखायचा.

"आणि मग आठ दिवसांत परवानगी दिली त्यांनी," शबनम म्हणाली. "अब्बू म्हणाले, मौलाना खुशीने मान गए. नाशकात परत आल्यावर मी त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, का दिली? तर म्हणाले, 'हां बेटी, मुझसे नहीं हो सका.' बस. त्या दिवसापासून मी त्यांना सलाम केला नाही."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं तेव्हा? मी तुझी टीचर होते."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भांडायला गेला असता, मॅडम."

ती हे सहज बोलली. आगाऊपणा नव्हता त्यात. माझ्या मुली माझ्याकडे शिकायला यायच्या आणि भरवसा तुमच्यावर ठेवायच्या, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

मौलाना, तुम्ही तिला माझं नाव का नाही सांगितलंत? तिने रस्त्यात विचारलं तेव्हा तिची धाकटी बहीण तबस्सुम माझ्याच क्लासला होती. मॅडमनेच घोळ घातला असं कळलं असतं तर तबस्सुम आली नसती, तिच्या मागच्या चौघी आल्या नसत्या, म्हणून? तबस्सुम आज सिव्हिलला नर्स आहे. की मला असंच, न फिटणारं ओझं देऊन ठेवायचं होतं? बघा, अजूनही माझा हात पेटीच्या खाली जातोच. पण तुम्ही एका मुलीचा सलाम गमावलात आणि रोज माझ्या खिडकीखालून हसत गेलात. त्याच्या खाली मला दुसरं काही सापडत नाही. मी फार शोधलं.

मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. तुम्ही गेलात, रशीदभाई गेले, त्या दिवशीची माणसं आता बोलणार नाहीत. शबनमची मुलगी दोन-तीन वर्षांत माझ्याच क्लासला यायची आहे. माझं नाव मोहल्ल्यात चांगलं आहे. एवढं सगळं मी मनात मोजलं, हेही कबूल करते.

मग सांगितलं. पायरीवरचा माझा तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. अदनानचं बोलणं, तुमचं 'आप समझीं नहीं', सगळं.

शबनमने एकच विचारलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या पेपरच्या दिवशी. अकरा वाजता. गेटवर."

"म्हणजे बारा वर्षं," ती म्हणाली. उठली, बुरखा नीट केला. दारापाशी थांबली. "मी खिडकी लावली होती, मॅडम. आता त्यांना मी कुठे जाऊन सांगू?" कबरस्तानात आम्हा बायकांना जाता येत नाही. ती गेली आणि मी पहिल्यांदा तुमच्यासाठी रडले. तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी.

काल ती आली नाही. मला वाटलं, संपलं.

आज सकाळी दारात उभी. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात दहावीचं मार्कशीट, आधार कार्ड, शाळेचा दाखला. म्हणाली, "सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. बारावीचा. बाहेरून बसणारेय मी." आम्ही द्वारकेला गेलो. रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरायला गेले, तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सायबर कॅफेत मी स्क्रीनसमोर बसले, ती शेजारी. विषयांमध्ये पहिला मराठी टाकायला सांगितला. मी म्हटलं, "शबनम, मला माफ करशील का?" बारा वर्षं जे तुम्हाला म्हणता आलं नाही, ते तिला म्हटलं.

ती माझ्याकडे न बघता स्क्रीनवरचं स्वतःचं नाव वाचत होती. "ते नंतर बघू, मॅडम," ती म्हणाली. "आधी फॉर्म भरा. आणि या वेळी कुठल्या पायरीवर जाऊन कुणाला सांगू नका."